उस्मानाबादच्या बायकांनी सिद्ध केलेली चाचणी त्यांना कधी मिळणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, तसेच सचिव व आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. हे पत्र गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीबद्दल आहे. आमच्याकडच्या बायका त्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. माझी मागणी एकच आहे. राज्याच्या तपासणी कार्यक्रमात एचपीव्ही डीएनए चाचणी, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याचा शोध घेणारी चाचणी, ही पहिली चाचणी करा, आणि सुरुवात धाराशिव जिल्ह्यापासून करा. धाराशिवच का, ते आधी सांगते, कारण खात्यातल्या नव्या अधिकाऱ्यांपैकी अनेकांना ही गोष्ट ठाऊक नसते.

ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. तो टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केला. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली होती, त्यामुळे या भागात कोणत्या गावात कोणाला कॅन्सर झाला याची नोंद ठेवणारी माणसे आधीपासून होती. ४९७ गावे घेतली, त्यांचे ५२ गट पाडले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांची चार भागांत वाटणी केली. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही चाचणी झाली. दुसरीकडे पॅप स्मिअर, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिसरीकडे व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी बघणे. चौथ्या भागाला काहीच नाही. तिथल्या बायकांना एवढेच सांगितले गेले की अशी तपासणी असते, हवी तर दवाखान्यात जाऊन करून घ्या.

पहिल्या तीन भागांत प्रत्येक बाईची तपासणी एकदाच करायची होती. नंतर आठ वर्षे नोंदी ठेवल्या आणि निकाल २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, तिथे ३४. म्हणजे एका चाचणीने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मला स्वतःला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा. ज्यांना ‘काही नाही, घरी जा’ असे सांगितले त्यांच्यात पुढे कॅन्सर किती निघाला? व्हीआयए निगेटिव्ह असलेल्यांत दरवर्षी लाखामागे १६, पॅप निगेटिव्ह असलेल्यांत १५.५, आणि एचपीव्ही निगेटिव्ह असलेल्यांत ३.७. लोहारा तालुक्यातली एखादी बाई रोजगार बुडवून एकदाच येणार असेल, तर तिला दिलेला दिलासा किती खरा आहे ते या आकड्यांवरून कळते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागे जे पुरावे आहेत त्यांत उस्मानाबादचा पुरावा फार वजनाचा आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१७ मध्ये पॅप बंद करून हीच चाचणी सुरू केली. जगभरच्या परिषदांत ‘उस्मानाबाद ट्रायल’ हा शब्दप्रयोग ऐकू येतो. जिल्ह्याचे नाव बदलले, तरी त्या नावाने तो अभ्यास ओळखला जातो. आणि त्याच जिल्ह्यातल्या उपकेंद्रात आज बाई गेली तर कार्यक्रमात तिच्यासाठी असलेली चाचणी कोणती? व्हीआयए.

चौथ्या गटावरून नंतर देशात आणि परदेशात बराच वाद झाला. चाचण्यांचा उपयोग होतो हे ठाऊक असताना हजारो बायकांना तपासणीशिवाय ठेवून मृत्यू मोजणे योग्य होते का, असा तो प्रश्न होता. संशोधकांचे उत्तर असे, की त्या काळी नेहमीच्या सरकारी सेवेत ही तपासणी नव्हतीच, त्यामुळे आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण त्या उत्तरात जी सरकारी सेवा येते, ती तुमच्या खात्याची आहे. अभ्यास संपला, निकाल आला, तेव्हापासून तरी चेंडू खात्याकडेच आहे. त्या वेळी तिशीत असलेल्या बायका आज साठीच्या आसपास आहेत. त्यांच्या मुली आता तपासणीच्या वयात आल्या आहेत.

व्हीआयए टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे खोटे ठरेल. टाटा मेमोरियलनेच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात व्हीआयएने या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी केले. तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यातही फायदा दिसला. पण मुंबईत दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या झाल्या. तपासणाऱ्या मुलींना नीट प्रशिक्षण होते, त्यांच्या कामावर सतत देखरेख होती. आपल्या उपकेंद्रात काय असते? सिस्टरकडे लसीकरण, गरोदर मातांची नोंदणी, पोर्टलवर भरायची माहिती आणि वरून आलेली एखादी मोहीम. खाट असली तर पडदा नसतो, पडदा असला तर टॉर्चचे सेल गेलेले असतात. साध्या जंतुसंसर्गानेही पांढरा डाग दिसू शकतो. पाळी गेलेल्या बाईत बघायचा भाग आत सरकलेला असतो, तो दिसतच नाही. म्हणजे पन्नाशीनंतर, जेव्हा हा कॅन्सर जास्त आढळतो, तेव्हा ही चाचणी सर्वांत कमी कामाची. हे सगळे सांभाळून जी सिस्टर नीट व्हीआयए करते तिला माझा नमस्कार. पण राज्याचा कार्यक्रम तिच्या एकटीच्या नजरेवर उभा करणे बरोबर नाही.

परिणाम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतोच. २०१९–२१ च्या पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी या कॅन्सरची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० चे लक्ष्य ७० टक्क्यांचे आहे: वयाच्या पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा, चांगल्या दर्जाची चाचणी. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळजवळ ८० हजार गेल्या. माझ्याकडे येतात त्या बहुतेक ‘अंगावरून पाणी जातंय, वास येतोय’ म्हणत येतात, आणि हात लावताच कळते की आता इथे आपले काम नाही, सोलापूरला किंवा मुंबईला पाठवायचे. महात्मा फुले योजनेतून उपचाराला पैसे मिळतात, त्याबद्दल शासनाचे आभार. पण हा कॅन्सर व्हायला विषाणूच्या संसर्गापासून बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. एवढी मुदत देणारे कॅन्सर फार नाहीत, आणि आपण ती मुदत वाया घालवतो.

आता ही चाचणी आपल्या खेड्यात कशी बसेल, त्याबद्दल.

पहिली गोष्ट म्हणजे बाईला टेबलावर झोपवायची गरज नाही. योनीमार्गातला नमुना ती स्वतः घेऊ शकते. आशाताईने मऊ ब्रश किंवा स्वॅब द्यायचा, कसा घ्यायचा ते सांगायचे, बाईने न्हाणीघरात जाऊन तो घ्यायचा आणि नळीत टाकून परत द्यायचा. पीसीआर पद्धतीच्या चाचणीत असा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून ही सोय सगळ्या पात्र बायकांना खुली केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२४ मध्ये दवाखान्यात स्वतः नमुना घ्यायला मान्यता दिली. आमच्याकडे ‘मॅडम, आज नको, पुढच्या वेळी’ म्हणून निघून जाणाऱ्या बायका मी रोज पाहते. आतली तपासणी करायला पुरुष डॉक्टर आहे कळले की सासू सुनेचा हात धरून बाहेर नेते. या बायकांपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. उस्मानाबादच्या अभ्यासात साधारण दहात एक बाई एचपीव्ही पॉझिटिव्ह निघाली होती. म्हणजे गावातल्या शंभर बायकांपैकी नव्वद जणींना घरूनच मोकळे करता येईल, तेही पुढच्या पाच वर्षांसाठी. आतून तपासायचे फक्त दहा जणींना. तिथे व्हीआयए कामाला येईल, कॉल्पोस्कोप (गर्भाशयमुख मोठे करून दाखवणारी दुर्बीण) येईल. प्रशिक्षण द्यायचे ते तालुक्याच्या दोन-तीन निवडक सिस्टर आणि डॉक्टरांना नीट देता येईल. जिल्ह्यातल्या प्रत्येक उपकेंद्राला दोन दिवसांचे वर्ग भरवून प्रमाणपत्रे वाटायला नकोत.

यंत्रे कुठून आणायची, हा प्रश्न आधी यायचा, आता येऊ नये. क्षयरोग कार्यक्रमासाठी ट्रूनॅट ही पीसीआर चाचणीची छोटी यंत्रे तालुक्या-तालुक्यांत पोचली आहेत. ती बनवणारी मोलबायो कंपनी गोव्यातली, आणि तिची एचपीव्हीची चिपही आहे, जोखमीचे आठ प्रकार ओळखणारी. पुण्याच्या मायलॅबनेही एचपीव्हीचे किट तयार केले आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने एप्रिल २०२५ मध्ये देशी किटच्या पडताळणीचे निकाल जाहीर केले, आणि ती पडताळणी करणाऱ्या प्रयोगशाळांत मुंबईची राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थाही होती. ट्रूनॅटवर एका वेळी मोजकेच नमुने लागतात, तासाभराने निकाल मिळतो. त्यामुळे ते यंत्र ग्रामीण रुग्णालयाला ठीक, सबंध जिल्ह्याला पुरे पडणार नाही. पण कोविडमध्ये आपण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आरटीपीसीआरच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. रोज हजारो नमुने काढणारी ती यंत्रे, तिथली शिकलेली मुले, नमुने आणणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक, हे सगळे आपण एकदा करून दाखवले आहे.

निविदेबद्दल एक विनंती, कारण खरी माती तिथे होते. ‘एचपीव्ही पीसीआर किट’ एवढेच लिहून सर्वांत स्वस्त ते घेऊ नका. विषाणूचा कण न् कण पकडणारे किट चांगले असेलच असे नाही. तिशीच्या वरच्या बाईत कॅन्सरपूर्व बदल घडवू शकेल असा संसर्ग ओळखणे, हा चाचणीचा हेतू आहे. म्हणून तपासणी कार्यक्रमासाठी पडताळलेले, आणि स्वतः घेतलेल्या नमुन्यावरही पडताळलेले किट, अशी अट कागदावर असू द्या. राज्याने एकत्र खरेदी केली तर किंमत उतरते, हे आपण क्षयरोगात पाहिले आहे.

आता मला सर्वांत भीती वाटते ती गोष्ट. पॉझिटिव्ह आलेल्या बाईचे पुढे काय होणार?

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचे प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजले. मा. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येकींना कॅन्सरचीच भीती घातली गेली होती. ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य आमच्या पट्ट्यातली प्रत्येक बाई ओळखते. उद्या या बाईच्या हातात ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असा छापील कागद पडला आणि सरकारी दवाखान्यात पुढची सोय नसली, तर ती तो कागद घेऊन कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. माझ्याच व्यवसायातले काही जण तिची वाट बघत बसले आहेत.

म्हणून चाचणी आणि उपचार एकाच आदेशात हवेत. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक संसर्ग शरीर स्वतःच घालवते. तपासणीत बदल दिसलेच, तर बहुतेकींना थर्मल ॲब्लेशन पुरते. बॅटरीवर चालणारे हातातले उपकरण, शंभर अंशांपर्यंत तापवलेले टोक, वीस-तीस सेकंद. भूल लागत नाही, टाके पडत नाहीत, बाई चालत घरी जाते. काहींना लूपने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या तारेच्या फाशाने, तो भाग काढावा लागतो, ते उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकते. गर्भाशय काढणे हा एचपीव्हीचा उपचार नाही. हे वाक्य अहवालाच्या कागदावरच, ठळक मराठीत छापा. आणि एचपीव्ही पॉझिटिव्ह या कारणावर कोणत्याही योजनेतून गर्भाशय काढण्याचे बिल मंजूर होणार नाही, असा आदेश चाचणी सुरू व्हायच्या आधी निघू द्या. नंतर काढलेल्या आदेशांचा अनुभव आपल्याला आहे.

नवऱ्यांचाही प्रश्न आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, एवढेच अर्धवट सांगितले तर घरात आग लागेल. लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधीतरी होऊन जातो, तो कधी आणि कोणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही, वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो, हे आशाताईला नेमक्या शब्दांत शिकवावे लागेल. निकाल बाईच्याच हाती, एकांतात द्यायचा. घरच्या मोबाइलवर मेसेज नको. तो मोबाइल बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो.

एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांचा वेगळा विचार करा. त्यांना या कॅन्सरचा धोका सहापट आहे. त्यांची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी व्हायला हवी. त्या दर महिन्या-दोन महिन्यांनी एआरटी केंद्रात गोळ्या न्यायला येतातच. एवढे सोपे काम राज्यभर लगेच सुरू करता येईल, त्याला धाराशिवची वाट बघायला नको.

‘नव्या चाचण्या’ म्हटले की खात्याकडे आणखीही प्रस्ताव येतील, आले असतील. त्यांबद्दल थोडक्यात. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी निरोगी बायकांची सीए-१२५ ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी करण्यावर सरकारी पैसा घालू नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर याचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये अंतिम निकाल आला, आणि मृत्यू कमी झाले नाहीत. रक्त एकदा काढून पन्नास कॅन्सर सांगणाऱ्या चाचण्यांच्या जाहिराती आता आपल्या शहरांतही दिसतात. सार्वजनिक पैशाची ती जागा नव्हे. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरला तर सर्वांसाठी चाचणीच नाही. तिथे पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसले तरी दाखवायला या, एवढा निरोप घरोघर जायला हवा. आशाताई घरोघर जाऊन आजारांच्या जोखमीची माहिती भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये तो प्रश्न आहेच. उत्तर ‘हो’ आले तर त्या बाईची सोनोग्राफी आणि बायोप्सी कोणत्या दिवशी, कुठे होणार, ते ठरवून द्या.

लस हा या पत्राचा विषय नाही. मुलींना ती मिळालीच पाहिजे. लसीच्या एका मात्रेने काम भागते याचे पुरावे देणाऱ्या भारतीय केंद्रांतही बार्शी होतेच. पण आज पस्तीस-चाळीस वर्षांच्या बाईला त्या लसीचा फारसा उपयोग नाही. तिच्यासाठी चाचणीच आहे.

मोहिमांबद्दल एक तक्रार करते, राग मानू नये. २०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ झाली, त्यानंतरही मोहिमा झाल्या. शिबिराच्या दिवशी रांगा लागतात, फोटो निघतात, तपासणी केलेल्यांचा आकडा वर जातो. मला मासिक अहवालात दुसराच आकडा बघायचा आहे: पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणींचा उपचार पूर्ण झाला. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या बैठकीत एवढा एकच प्रश्न दर महिन्याला विचारा, बाकीचे आपोआप जागेवर येईल.

वेळापत्रकाचे म्हणाल तर धाराशिवमध्ये भूम, वाशी, परांडा, कळंब या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. दसरा-दिवाळीनंतर बाई कारखान्यावर गेली की पाडव्यापर्यंत सापडत नाही. तेव्हा नमुने जूनमध्ये घ्या, निकाल जुलैत द्या, पॉझिटिव्ह आलेल्यांची तपासणी आणि थर्मल ॲब्लेशन सप्टेंबरअखेर उरका. मुकादमाची उचल घेऊन ती निघायच्या आत तिचा कागद बंद झाला पाहिजे. ज्यांचे राहून जाईल त्यांची यादी कारखान्याच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्राला आधीच पाठवा.

पॉझिटिव्ह आलेल्या बायका तपासायला डॉक्टर कमी पडतील, असे उत्तर येईल. आमच्या भागातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी मी बोलले आहे. पावसाळ्यात आठवड्याचा एक दिवस ग्रामीण रुग्णालयात येऊन विनामोबदला काम करायला आमच्यातले काही जण तयार आहेत. आम्हाला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचे एक पत्र, चालू स्थितीतले एक उपकरण आणि पडदा असलेली एक खोली लागेल.

आपली विश्वासू,
मराठवाड्यातली एक स्त्रीरोगतज्ज्ञ